मुलीला एटीआरवर नोकरी मिळतेय, घ्यावी का? छोट्या विमानांच्या वैमानिकाचं पुढे काय होतं?

जानोरीकर
नमस्कार मंडळी. इथे आजवर द्राक्ष आणि पाऊस सोडून मी कशावर लिहिलेलं नाही. आज घरचा प्रश्न घेऊन आलोय.

आमची बाग ओझर विमानतळाला लागून. छाटणीला उभं राहिलं की डोक्यावरून जाणाऱ्या विमानाची चाकं आत जाताना दिसतात. थोरली मुलगी तेच बघत वाढली. बारावी सायन्स केलं, मग फ्लाइंग स्कूल. २०० तास पूर्ण करून कमर्शिअल लायसन्स काढलं. त्यासाठी दिंडोरीकडची दीड एकर विकली आणि वर ४० लाखांचं कर्ज घेतलं.

लायसन्स हातात आलं त्याला १४ महिने झाले. एवढे दिवस ती घरी होती. सकाळी बेदाण्याच्या शेडवर मला मदत, दुपारी अभ्यास. आता एका प्रादेशिक कंपनीकडून बोलावणं आलंय. ७०-७२ सीटचं एटीआर, पंख्याचं विमान. टाइप रेटिंगचा, म्हणजे ते विशिष्ट विमान उडवायच्या परवान्याचा, खर्च कंपनी करणार, पण पाच वर्षांचा बाँड, आधी सोडलं तर पैसे भरायचे. बरोबरची मुलं म्हणतात थांब, एअरबसची भरती निघेल, पंख्याच्या विमानात एकदा बसलीस की तिथेच राहशील.

तिचं वय २४. वैमानिकाला ६५ पर्यंत उडवता येतं म्हणे, म्हणजे ४१ वर्षं. ओझरचं मी डोळ्यांनी पाहिलंय. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईचं छोटं विमान सुरू झालं, ते बंद पडलं. २०१८ ला दिल्लीचं आलं, पुढच्या एप्रिलात ती कंपनीच बसली. मग ज्या धंद्यात मार्ग असे येतात-जातात त्यात माझ्या मुलीचा जन्म निघेल का? जाणकारांनी मोकळेपणाने सांगावं. कडू असलं तरी चालेल.

गोदाकाठ
आधी पोरीचं अभिनंदन. दीड एकर विकायला छाती लागते, काका. तुमचंही अभिनंदन.

सायखेडा_एक्सप्रेस
मी जन्मात एकदाच एटीआरमध्ये बसलो, अहमदाबादला जाताना. खिडकीतून पंखा फिरताना बघून शेजारच्या आजींनी पदर घट्ट धरला होता आणि उतरल्यावर म्हणाल्या, "एसटीपेक्षा कमी आदळलं." घ्या नोकरी!

डावी_सीट
जानोरीकर काका, मी एटीआरवर कॅप्टन आहे. घर नाशिकरोडला, बेस दुसऱ्या राज्यात. जरा सविस्तर लिहितो.

"पंख्याच्या विमानात राहशील" हे मलाही ऐकवलं गेलं होतं. त्यात खरं एवढंच की एटीआरचं टाइप रेटिंग एअरबसवर चालत नाही, तिकडे जायचं तर पुन्हा नवीन रेटिंग करावं लागतं. पण लॉगबुकमधले तास कुणी पुसत नाही. एअरलाइन ट्रान्सपोर्ट लायसन्सला एकूण १५०० तास लागतात. नियमाने वर्षाला १००० तासांच्या वर उडता येत नाही, आणि बरी चालणारी कंपनी असेल तर को-पायलटचे सहज ७०० होतात. म्हणजे दोन वर्षांत ती त्या आकड्याच्या आसपास. घरी बसून एअरबसची वाट बघणाऱ्याचे तास तिथेच, २०० वर.

कमांड, म्हणजे डावी सीट, मला पाचव्या वर्षी मिळाली. माझ्या बॅचचे जे थेट मोठ्या जेटवर गेले त्यांना सात-आठ वर्षं लागली, कारण त्यांच्यापुढे रांग मोठी होती.

आणि शिकण्याचं म्हणाल तर दिवसाला चार, कधी सहा सेक्टर, म्हणजे उड्डाणं. जेट ३५ हजार फुटांवर ढगांच्या वर निवांत असतं, आम्ही १६-१८ हजारांवर ढगांच्या पोटातून वाट काढतो. जून-जुलैत सह्याद्री ओलांडून उतरायचं, वारा आडवा, धावपट्टी छोटी. हे हात कुठल्या सिम्युलेटरमध्ये मिळत नाहीत.

आता कडू. बाँडवर सही करण्याआधी कंपनीला चार गोष्टी विचारा. ताफ्यात विमानं किती, आणि त्यातली आज उडतायत किती? को-पायलट मंडळींनी गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष किती तास केले? पगार तारखेला होतो का? बाँडची रक्कम दर महिन्याला घटत जाते की पाचव्या वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते? याची उत्तरं एचआरकडून घेऊ नका. तिथे उडणाऱ्या पोरांकडून घ्या.

हिशेबनीस
मी बँकेतून निवृत्त. शैक्षणिक कर्जाच्या फायली आयुष्यभर पाहिल्या, म्हणून दोन आकडे मांडतो.

४० लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं धरली तर हप्ता सुमारे ५४ हजार. दहा वर्षांत परत जातात जवळजवळ ६५ लाख. हे ओझं डोक्यावर घेऊन कुठल्या कंपनीत जायचं, हा खरा प्रश्न आहे.

छोटी शहरं विमानाने जोडायच्या सरकारच्या उडान योजनेबद्दल कॅगचा २०२३ चा अहवाल आहे. ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण केली ११२ मार्गांनी, आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकले फक्त ५४. सरकारची तूट-भरपाई तीन वर्षं असते. ती संपली की गणित उघडं पडतं.

त्यात आपल्याकडे समृद्धी पूर्ण झाला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ ला खुला झाला. नाशिकहून मुंबईला आता विमानाने कोण जाईल? ओझरला पोचायला अर्धा-पाऊण तास, एक तास आधी हजर राहा, उतरल्यावर पुन्हा टॅक्सी. तेवढ्यात गाडी ठाण्यात. जवळचे मार्ग रस्ता खाणार. मग या छोट्या विमानांना काम राहणार कुठे?

जानोरीकर, मी तुमच्या जागी असतो तर अजून सहा महिने थांबलो असतो.

ओझर_टाउनशिप
हिशेबनीस साहेब, आकडे बरोबर आहेत, पण विमान कशाला लागतं तेही बघा.

मी एचएएलमध्ये ३४ वर्षं काढली. १९६४ ला मिगसाठी कारखाना उभा राहिला, माझे वडील पहिल्या काही वर्षांत लागलेले. आमच्या शाळेत इंजिनाची चाचणी सुरू झाली की बाई खडू खाली ठेवून थांबायच्या, आवाज उतरला की पुढची ओळ. २०२५ च्या ऑक्टोबरात इथे बनलेलं पहिलं तेजस मार्क वन ए उडालं तेव्हा मी टाउनशिपच्या गच्चीवर होतो. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

मुद्द्यावर येतो. एटीआरला पंख्याचं विमान म्हणून हिणवतात, पण त्या पंख्यामागे टर्बाइनच आहे, जेटसारखंच. फरक असा की तीनशे-चारशे किलोमीटरच्या उड्डाणात जेट वर चढून स्थिरावेपर्यंत उतरायची वेळ होते. त्याची बचत उंचीवर लांब पल्ल्यात होते. टर्बोप्रॉप, म्हणजे हे पंख्याचं विमान, खालच्या उंचीवर, ताशी ५०० किलोमीटरच्या वेगाने तेच अंतर खूप कमी इंधनात काढतं, आणि १३००-१४०० मीटरच्या धावपट्टीवर उतरतं. आपल्या ओझरची धावपट्टी ३००० मीटर, इथे काहीही उतरेल. पण कोकणात, डोंगरात, ईशान्येत अशा लांब धावपट्ट्या कुठून आणणार? तिथे हेच विमान जाणार. समृद्धी सगळीकडे नाही.

डावी_सीट
ओझर_टाउनशिप काका, अगदी हेच. नाशिक-मुंबईसाठी मी कधीच हिरिरीने बोलणार नाही. नाशिक-नागपूर, नाशिक-गोवा, नाशिक-हैदराबाद ही खरी अंतरं.

हिशेबनीस साहेबांच्या आकड्यांवर एक सांगायचंय. मार्ग बंद पडणं वेगळं आणि कंपनी बंद पडणं वेगळं. मार्ग बंद पडला तर विमान दुसरीकडे लागतं आणि मीही त्याच्याबरोबर जातो. फार तर बेस बदलतो. दहा वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी मार्ग गेले, माझा पगार त्यामुळे एकदाही चुकला नाही. पण कंपनीकडे तीनच विमानं असतील आणि त्यातलं एक इंजिनासाठी उभं राहिलं तर सगळ्यांचे तास एका दमात तिसऱ्या हिश्शाने घटतात. आपला पगार म्हणजे ठरावीक तासांची हमी आणि त्यावर तासागणिक. तास घटले की हप्ता डोळ्यासमोर येतो. दोन उभी राहिली तर भाड्याने विमान देणारा मालक फोन करायला लागतो. म्हणून म्हटलं, ताफा विचारा.

वाफसा
जरा विषयांतर. माझा मुलगा दहावीत आहे, त्यालाही हेच वेड. कॉमर्स घेतलं तर चालतं का?

डावी_सीट
@वाफसा, बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं. कॉमर्स झालंच तर ते दोन विषय मुक्त विद्यालयातून देता येतात, बरेच जण देतात. पण त्याआधी मेडिकल. क्लास टू करा, मग क्लास वन. स्कूलची फी भरण्याआधी क्लास वन हातात पाहिजे. रंग ओळखण्यात दोष निघून, फी भरून परत आलेली मुलं मी पाहिलीत. त्या घरांकडे बघवत नाही.

वाफसा
धन्यवाद. चष्मा आहे त्याला.

डावी_सीट
चष्म्याने अडत नाही, चष्म्यासह नजर नीट भरली पाहिजे.

एकदा_बुडालेला
हा धागा वाचून दोन दिवस लिहू की नको करत होतो. लिहितो. कंपनीचं नाव घेत नाही.

मी २६ वर्षांचा असताना अशाच छोट्या कंपनीत लागलो. पहिलं वर्ष सोन्यासारखं. दुसऱ्या वर्षी पगार सातला व्हायचा तो पंधराला होऊ लागला. मग पंचवीसला. मग अर्धा. आम्हाला सांगायचे, नवीन गुंतवणूकदार येतोय, थोडा धीर धरा. एके दिवशी सकाळी रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, आलंच नाही. रिकामा ईमेल. तेवढंच.

त्यानंतरचं लोकांना ठाऊक नसतं. विमान नव्वद दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग केली नाहीत तर प्रवासी घेऊन उडवता येत नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत संपते. सिम्युलेटर चेक चुकतो. ते पुन्हा करायचं तर खर्च स्वतःचा, आणि पगार तर नाहीच. मेडिकल दरवर्षी करतच राहावं लागतं, नाहीतर मुलाखतीलाच बोलावत नाहीत. अकरा महिने मी सिन्नरला काकांच्या दुकानात पाइप आणि फिटिंग विकली. काकांनी एकदाही विचारलं नाही किती दिवस. त्यांचं ते न विचारणं मी विसरणार नाही. माझे चार महिन्यांचे पगार आजही अडकलेले आहेत.

मग काय केलं? आई-वडिलांनी रेटिंग ताजं करायला पैसे उभे केले आणि मी दुसऱ्या कंपनीत त्याच विमानावर लागलो. आज माझे ४३०० तास आहेत. ते पहिल्या दोन वर्षांतले तास नसते तर मला दुसऱ्या कंपनीने दारातही उभं केलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं: नोकरी घ्या. पण पहिल्या पगारापासून सहा हप्त्यांचे पैसे बाजूला काढायला सुरुवात करा. तुमच्या हिशेबाने ५४ हजार गुणिले सहा, सव्वातीन लाख. ते जमेपर्यंत गाडी नाही, फोन नाही, गोव्याची ट्रिप नाही. आणि पगार दोनदा लागोपाठ उशिरा झाला की त्याच दिवशी दुसरीकडे अर्ज. मी धीर धरला, ती माझी चूक.

गोदाकाठ
@एकदा_बुडालेला, वाचून गलबललं. काकांना नमस्कार सांगा.

हिशेबनीस
एकदा_बुडालेला, तुमचा अनुभव माझ्याच बाजूचा आहे ना? छोट्या कंपनीचा धोका तुम्हीच सांगितलात.

एकदा_बुडालेला
नाही साहेब. मोठ्याही बुडाल्या. एक २०१२ ला, एक एप्रिल २०१९ ला, एक मे २०२३ ला. तिन्हींची नावं सगळ्यांना पाठ आहेत, आणि तिन्हीत शेकडो वैमानिक रस्त्यावर आले. फरक एकच, आणि तो तुमच्या बाजूचा आहे, तो मान्य करतो: एअरबस, बोइंग उडवणाऱ्या कंपन्या जास्त, त्यामुळे तिथल्या माणसाला दुसरं दार लवकर सापडतं. एटीआर उडवणाऱ्या कंपन्या देशात हाताच्या बोटांवर. त्यात एक देशातली सगळ्यात मोठी कंपनी आहे, हे मात्र लक्षात असू द्या.

डॅलसची_मिसळ
मूळचा सिडकोचा, आता टेक्ससमध्ये, फ्लाइट डिस्पॅचर आहे. "रीजनल पायलट" म्हणून इंटरनेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक इकडचं असतं, आणि ते वाचून तिकडे निर्णय घेणं चुकेल. म्हणून फरक सांगतो.

इकडे प्रादेशिक कंपनी बहुधा स्वतःची तिकिटं विकत नाही. मोठ्या कंपनीच्या रंगाचं विमान, मोठ्या कंपनीचं तिकीट, आणि उडवणारी कंपनी वेगळी. तिला दर उड्डाणामागे ठरलेले पैसे मिळतात. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी करारात अट घातली आहे की बाहेर दिलेली विमानं ७६ सीटच्या वर नकोत. म्हणजे प्रादेशिक वैमानिकाच्या डोक्यावर छतच आहे, वर जायचं तर कंपनी सोडून मोठीत जायचं. आणि इकडे सगळं सीनियॉरिटीच्या नंबरावर चालतं. रजा, बेस, विमान, सगळं. कंपनी बदलली की १५ वर्षं उडवलेला कॅप्टनही शेवटच्या नंबरावर.

पूर्वी इथे को-पायलटला वर्षाला वीसेक हजार डॉलर मिळायचे. लोक दोन नोकऱ्या करायचे. २००९ च्या फेब्रुवारीत बफेलोजवळ एका प्रादेशिक कंपनीचं टर्बोप्रॉप पडलं, ५० माणसं गेली. चौकशीत वैमानिकांचा थकवा, प्रशिक्षण, सगळं चव्हाट्यावर आलं. त्यानंतर कायदा झाला आणि २०१३ पासून को-पायलटलाही साधारण १५०० तास सक्तीचे झाले. माणसं मिळेनाशी झाली. कोविडनंतर तर कॅप्टन नाहीत म्हणून विमानं उभी राहिली, लहान गावांच्या फेऱ्या बंद पडल्या. २०२२ ला एका मोठ्या कंपनीच्या तीन प्रादेशिक उपकंपन्यांनी नव्या को-पायलटचा दर तासाला ९० डॉलर केला. मग वर्ष-दीड वर्षात भरती पुन्हा थंडावली.

सांगायचं काय, तर हा धंदा लाटेचा आहे. लाट आली तेव्हा ज्याच्याकडे तास होते तो वर गेला. तास नसलेला किनाऱ्यावरून बघत राहिला. मुलीला सांगा, ताई, तुमच्याकडे २०० तासांवर विमानात बसवतायत. इकडच्या मुलांना त्यासाठी दोन वर्षं फ्लाइंग इन्स्ट्रक्टरची नोकरी करावी लागते. बसा.

सायखेडा_एक्सप्रेस
डॅलसमध्ये मिसळीबरोबर पाव मिळतो का हो?

डॅलसची_मिसळ
पाव मिळतो. तर्री आईने पाठवलेल्या मसाल्याची. संपत आलीय, येणार असाल तर अर्धा किलो आणा.

पंचवटीची_लेक
मी एअरबसवर को-पायलट आहे, सहा वर्षं झाली. सगळे विमान आणि कंपनीचं बोललात, बाईच्या बाजूचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

आपल्या देशात वैमानिकांमध्ये बायका सुमारे १५ टक्के आहेत. जगाच्या सरासरीच्या तिप्पट. त्यामुळे "मुलगी म्हणून घेतील का" हा प्रश्न काका डोक्यातून काढून टाका. प्रश्न पुढे येतो. गरोदरपणात मेडिकल थांबतं, जमिनीवर राहावं लागतं. कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण मूळ पगार आणि उड्डाणाच्या तासांचा पगार यात खूप अंतर असतं. परत येताना सिम्युलेटर, चेक, सगळं पुन्हा. माझं बाळ आठ महिन्यांचं असताना मी पहाटे पावणेतीनला उठून पिकअपची वाट बघत उभी राहायचे. सासूबाई मागे दिवा लावून बसायच्या, मी गाडीत बसेपर्यंत.

इथे एटीआरचं एक बरं वाटतं. छोट्या विमानतळांवर रात्री फारशी विमानं जात नाहीत, त्यामुळे बहुतेक उड्डाणं दिवसाची. माझ्या दोन मैत्रिणी एअरबसची संधी असूनही मुद्दाम एटीआरवर राहिल्या. एक आज ट्रेनिंग कॅप्टन आहे. त्यांना कुणी "अडकल्या" म्हटलं की मला राग येतो.

आणि लॉस ऑफ लायसन्सचा विमा पहिल्या पगारातून. गुडघा, कान, डोळा, साखर, काहीही निघालं तरी वैमानिकाची कमाई त्या दिवशी थांबते. साठीनंतर तर मेडिकल दर सहा महिन्यांनी. ४१ वर्षं मोजताय ना काका, ती शरीराच्या भरवशावर मोजा. कंपन्या येतील-जातील.

हिशेबनीस
पंचवटीची_लेक, विम्याचा मुद्दा मी लिहायला हवा होता, राहून गेला.

मी थोडा मागे येतो. एअरबसची वाट बघण्याबद्दल मला वाटत होतं की मोठ्या ऑर्डरी आहेत, २०२३ ला एका कंपनीने ४७० विमानं मागवली, दुसरीने ५००. मग जागा भरपूर निघतील. पण त्याच वर्षी डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, १६२२ कमर्शिअल लायसन्स दिली आहेत. रांगही तेवढीच वाढतेय. विमानं येतात हप्त्याहप्त्याने, मुलं येतात लोंढ्याने.

डावी_सीट
आणि नव्या ड्युटी नियमांमुळे आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. म्हणजे प्रत्येक विमानामागे माणसं जास्त लागणार. कॅप्टन तर लागणारच लागणार. कॅप्टन कारखान्यात बनत नाही, त्याला वर्षं द्यावी लागतात. आज उजव्या, म्हणजे को-पायलटच्या, सीटवर बसलेली मुलगीच उद्याची कॅप्टन. काका, दहा वर्षांच्या हिशेबाने बघाल तर टंचाई को-पायलटची नाही, कॅप्टनची आहे.

ओझर_टाउनशिप
२०२५ च्या बजेटमध्येही उडान पुढे दहा वर्षं चालवून १२० नवी ठिकाणं जोडायचं जाहीर झालंय. सगळी होणार नाहीत. निम्मी झाली तरी ती एटीआर किंवा त्याहून लहान विमानांचीच.

उजवी_सीट_लवकरच
नमस्कार. मी जानोरीकरांची मुलगी. बाबांनी धागा काढलाय हे मला काल कळलं, रात्री अडीचपर्यंत वाचत बसले. सगळ्यांचे मनापासून आभार. विशेषतः एकदा_बुडालेला दादांचे.

माझ्या मनातलं सांगते. १४ महिन्यांत मी एकदाच विमानाजवळ गेले. मावशीला सोडायला ओझरला गेले होते. टर्मिनलच्या काचेतून एटीआर उभं दिसत होतं. डावा पंखा थांबलेला, मागच्या दाराने लोक चढत होते. उजवाही थांबलेलाच दिसत होता, पण इंजिनाचा आवाज येत होता. शेजारचा माणूस म्हणाला, काहीतरी बिघडलंय. मला माहीत होतं काय चाललंय. एटीआरला मागे वेगळं छोटं इंजिन नसतं, म्हणून उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून नुसतं इंजिन चालू ठेवतात, त्यावर आत दिवे आणि एसी चालतो. हॉटेल मोड म्हणतात. मी त्या माणसाला समजावून सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि मला जाणवलं की मला हेच करायचंय. एअरबस की एटीआर हा प्रश्न बाबांना पडलाय, मला नाही पडत. मला परत उडायचंय.

डावी_सीट सर, तुमचे प्रश्न मी तिथल्या दोन को-पायलटना विचारले. सात विमानं आहेत, सहा उडतायत. गेल्या तिमाहीत त्यांनी महिन्याला साधारण ६० ते ६५ तास केले. पगार तारखेला. बाँडचं मात्र करारात नीट लिहिलेलं नाही, "पूर्ण रक्कम देय" एवढंच आहे.

डावी_सीट
बेटा, सातपैकी सहा चांगलं आहे. ६५ तास म्हणजे वर्षाला साडेसातशेच्या पुढे, छान.

बाँडवर तसंच राहू देऊ नकोस. ईमेलवर विचार, तोंडी नको: दर महिन्याला प्रमाणात घट आहे का, आणि कंपनीने पगार थकवला किंवा कामच बंद केलं तर बाँड लागू राहतो का. शिवाय राजीनाम्याची मुदत डीजीसीएच्या नियमाने को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष आहे, ती बाँडखेरीज वेगळी. दोन्ही एकत्र धरून हिशेब कर. विचारल्याने ऑफर जात नाही. मी विचारलं होतं, त्यांनी बदललं होतं.

एकदा_बुडालेला
नाशिकला वकील बघून करार दाखवा. हजार-दोन हजार जातील. मी दाखवला नव्हता.

पंचवटीची_लेक
आणि एटीआरची मॅन्युअलं आत्तापासून. टाइप रेटिंगच्या पहिल्या आठवड्यात श्वास घ्यायला वेळ नसतो. इलेक्ट्रिकल आणि प्रोपेलर हे दोन आधी कर. काही अडलं तर मला इथेच मेसेज कर.

हिशेबनीस
मुली, तू सही केलीस की मला सांग. बँकेकडे हप्ता सुरू होण्याची तारीख पगार सुरू होईपर्यंत पुढे ढकलण्याचा अर्ज करता येतो. ऑफर लेटर जोडायचं. मसुदा मी लिहून देतो.

जानोरीकर
एवढ्या लोकांनी माझ्या पोरीसाठी वेळ काढला, काय बोलावं कळत नाही.

काल संध्याकाळी दोघांनी शेडवर बसून तुम्ही सांगितलेलं सगळं एका वहीत उतरवलं. बाँडचा ईमेल तिने रात्रीच पाठवला. वकिलांकडे गुरुवारी जातोय, दिंडोरीचेच आहेत, जमिनीचे कागद त्यांनीच केले होते. विम्याचं मी विचारून ठेवतो. हिशेबनीस साहेब, मसुदा पाठवा, मी शाखेत स्वतः जाऊन देतो.

माझा मूळ प्रश्न ४१ वर्षांचा होता. एवढं लांबचं मला बागेचंही सांगता येत नाही. वेल लावताना १५ वर्षं धरतो, आणि दर वर्षी छाटणीला पुन्हा बघतो. तिचंही तसंच बघू. पहिली दोन वर्षं १५०० तासांची.

डावी_सीट, तुम्ही नाशिकरोडला आलात की जानोरीला या. एप्रिलपर्यंत बेदाणा तयार असतो.

डावी_सीट
नक्की येतो काका. तिचं लॉगबुक तयार ठेवा, बघायचंय.

उजवी_सीट_लवकरच
आत्ताच उत्तर आलं. बाँड दर महिन्याला साठाव्या हिश्शाने घटेल, करारात तसं लिहून पाठवतायत. पगार थकल्यावर काय, त्याला "चर्चा करू" एवढंच आलंय. परत लिहू का?

डावी_सीट
परत लिही. आजच.